डिस्ट्रिक्ट कौन्सिलची निवडणूक (इंग्लंड): भारतीय पासपोर्टवर मतदान, दोन फुल्या, प्रॉक्सी आणि सूचकाची सही

रानजाई

आम्ही इंग्लंडमध्ये एका डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या हद्दीत राहतो. दोघांचेही पासपोर्ट भारतीय. नवऱ्याचा व्हिसा स्किल्ड वर्करचा, माझा डिपेंडंटचा. येत्या मे महिन्यात आमच्या वॉर्डात कौन्सिलची निवडणूक आहे आणि जागा दोन आहेत. कचऱ्याच्या डब्यांपासून घरामागच्या शेतावर होऊ घातलेल्या तीनशे घरांपर्यंत सगळं याच कौन्सिलच्या हातात आहे असं ऐकते, म्हणून मत द्यायची मनापासून इच्छा आहे.

विचारायचं असं: नागरिकत्व नसताना आम्हाला खरंच मत देता येतं का? त्याने व्हिसाला काही बाधा येते का? मतदानाच्या आठवड्यात मी भारतात असण्याची शक्यता आहे, तर पोस्टाने मत द्यावं की दुसरं काही? माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे आणि इथे बँकेत, डॉक्टरकडे सगळीकडे सासरचं, त्याचं काय करायचं? दोन जागा म्हणजे दोन मतपत्रिका का? आणि शेवटचं म्हणजे शेजारचे एक मराठी गृहस्थ (त्यांच्याकडे ब्रिटिश नागरिकत्व आहे) अपक्ष उभे राहायचं म्हणताहेत. त्यांना अर्जावर माझी सही हवी आहे. करू का?

कृष्णाकाठ

देता येतं. इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांबरोबर राष्ट्रकुलातल्या (कॉमनवेल्थ, यात भारतही आला) देशांच्या नागरिकांनाही मताचा हक्क आहे. अट एवढीच, की देशात राहण्याची वैध परवानगी हवी, मग ती कुठल्याही प्रकारच्या व्हिसाची चालते. वर्क व्हिसा, डिपेंडंट, विद्यार्थी, सगळे यात येतात. वय १८ पूर्ण हवं. संसदेच्या निवडणुकीलाही हाच नियम आहे. कायद्याने दिलेला हक्क वापरल्याने व्हिसाला बाधा येत नाही. फक्त नोंदणी करताना राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'भारतीय' असं खरं ते लिहा, खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे.

नोंदणी आपोआप होत नाही. कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा स्थानिक कर) भरता म्हणजे मतदार यादीत आहात असंही नाही. घरातल्या प्रत्येकाला स्वतःचा अर्ज स्वतःच करावा लागतो. सरकारी संकेतस्थळावर पाच-दहा मिनिटांचं काम आहे. जन्मतारीख, पत्ता आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी-करासाठीचा सरकारी क्रमांक) लागतो. डिपेंडंट व्हिसावर नोकरी नसेल तर हा नंबर अजून काढलेला नसतो. तरी अर्ज करता येतो, पण मग कौन्सिल ओळखीचे कागद मागते आणि त्यात दिवस जातात. तुमची तीच परिस्थिती असेल तर आजच अर्ज करा. त्याच अर्जात 'ओपन रजिस्टर'मधून नाव वगळायचा पर्याय असतो. तो निवडा, म्हणजे तुमचं नाव-पत्ता कंपन्यांना विकत मिळणार नाही. मताच्या हक्काला त्याने काही होत नाही.

आता तारखा. इथेच सगळ्यात जास्त मतं वाया जातात, कारण मुदती 'मतदानाच्या इतके कामकाजाचे दिवस आधी' अशा मोजतात आणि शनिवार, रविवार, ईस्टर, बँक हॉलिडे त्यातून वजा होतात. २०२३ चं उदाहरण घ्या. मतदान गुरुवारी, ४ मे रोजी होतं. मतदार नोंदणीची मुदत १२ कामकाजाचे दिवस आधी, म्हणजे १७ एप्रिलच्या मध्यरात्रीपर्यंत. पोस्टल मताचा अर्ज ११ दिवस आधी, १८ एप्रिल, संध्याकाळी ५. प्रॉक्सीचा (आपल्या वतीने दुसऱ्याने मत देण्याचा) अर्ज आणि फोटोचं ओळखपत्र नसलेल्यांसाठीचं मोफत ओळखपत्र, दोन्हींना ६ दिवस आधी, २५ एप्रिल, संध्याकाळी ५. उमेदवारी अर्ज १९ दिवस आधी, ४ एप्रिल, दुपारी ४. म्हणजे मतदानाच्या बरोबर एक महिना आधी, कारण मध्ये गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार आणि १ मेचा बँक हॉलिडे असे तीन दिवस गेले. दर वर्षी ईस्टर सरकतो तसं हे गणितही सरकतं, म्हणून गेल्या वेळच्या तारखांवर विसंबू नका.

एक गोष्ट आधी तपासा. निवडणूक तुमच्या वॉर्डात खरंच आहे ना? काही डिस्ट्रिक्टमध्ये चार वर्षांनी एकदा सगळ्या जागांची निवडणूक होते, तर काही ठिकाणी दर वेळी एक तृतीयांश जागा. शिवाय सरकारच्या डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेनंतर काउंटी (डिस्ट्रिक्टच्या वरच्या पातळीची कौन्सिल) आणि डिस्ट्रिक्ट मिळून एकच युनिटरी कौन्सिल करायचं काम चालू आहे. त्यापायी मे २०२५ मध्ये सरे, एसेक्स, नॉरफोकसह नऊ कौन्सिलांच्या निवडणुका पुढे ढकलल्या होत्या. कौन्सिलच्या संकेतस्थळावर 'नोटीस ऑफ इलेक्शन' लागली की खात्री समजा.

तिठा

ओळखपत्राचं मी सांगतो. मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवल्याशिवाय मतपत्रिका मिळत नाही. पहिल्याच वर्षी सुमारे १४,००० लोक याच कारणाने मत न देता परत गेले, असं इलेक्टोरल कमिशनचा (इथल्या निवडणूक आयोगाचा) अहवाल सांगतो.

भारतीय पासपोर्ट चालतो, कारण राष्ट्रकुलातल्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट यादीत आहे. मुदत संपलेला असला तरी चालतो, फोटोतला चेहरा ओळखू आला म्हणजे झालं. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, शिकाऊसुद्धा. ज्येष्ठांचा बसपास चालतो. चालत नाही ते असं: भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स, आधार, ओसीआय कार्ड, कॉलेजचं कार्ड, तरुणांचं रेलकार्ड. ई-व्हिसा फोनवर दाखवून भागत नाही, पासपोर्टचा फोटो किंवा झेरॉक्सही नाही. मूळ वस्तू हातात हवी.

यातलं काहीच नसेल तर 'व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट' मोफत मिळतं. पण ते पोस्टाने घरी येतं, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

नावाचा मुद्दा खरा महत्त्वाचा. केंद्रावर बसलेला माणूस ओळखपत्रावरचं नाव आणि यादीतलं नाव जुळवून बघतो. मधलं नाव गाळलेलं किंवा स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे असेल तर सहसा अडत नाही. पण पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि यादीत सासरचं, हा सरळसरळ फरक आहे. अशा वेळी लग्नाचा दाखला सोबत न्यावा लागतो. त्यापेक्षा नोंदणीच पासपोर्टप्रमाणे करा. बँकेत काय नाव आहे याच्याशी मतदार यादीला देणंघेणं नाही. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे आणि सगळं नाव एकाच ओळीत आहे, त्यांनीही नोंदणीत तेच शब्द त्याच क्रमाने येतील असं पाहावं.

केंद्रावर काही अडलंच तर घरी जाऊन दुसरं ओळखपत्र घेऊन परत येता येतं. वेळ सकाळी ७ ते रात्री १०. दहाच्या ठोक्याला रांगेत असाल तरी मत देऊ देतात. घरी आलेलं पोलकार्ड न्यायची गरज नाही, त्याचा उपयोग केंद्र कुठलं ते कळण्यापुरता. बोटाला शाई नाही, यंत्रही नाही. कागद, बारीकशी पेन्सिल आणि पेटी. स्वतःचं पेन वापरलंत तरी हरकत नाही.

दाराबाहेर छातीवर रिबिनीची फुलं लावलेले लोक तुमचा मतदार क्रमांक विचारतील. ते पक्षांचे कार्यकर्ते असतात, आपल्या बाजूचे कोण मत देऊन गेले ते टिपत असतात. त्यांना क्रमांक द्यायचं बंधन नाही.

रानजाई

मनापासून आभार. नोंदणी पासपोर्टप्रमाणेच करते. दोन जागांचं अजून नीट कळलं नाही. आपल्याकडे महापालिकेत प्रभागाला अ, ब, क, ड अशा वेगवेगळ्या जागा असतात आणि प्रत्येक जागेला वेगळं मत, तसंच ना?

वाकडी_वाट

तसं नाही. इथे मतपत्रिका एकच. सगळे उमेदवार आडनावाच्या अक्षरक्रमाने एकाच यादीत येतात आणि वर लिहिलेलं असतं की जास्तीत जास्त दोन उमेदवारांना मत द्या. दोन नावांसमोर दोन फुल्या मारायच्या. ज्या दोघांना सर्वाधिक मतं, ते निवडून आले. एकाच पक्षाचे दोघे घ्या किंवा एक या पक्षाचा आणि एक अपक्ष, तुमची मर्जी.

ती वरची ओळ वाचल्याशिवाय पेन्सिल लावू नका. दोनच्या ठिकाणी तीन फुल्या झाल्या तर अख्खी मतपत्रिका बाद होते, त्यातल्या पहिल्या दोन धरत नाहीत. एकाच उमेदवाराला दोन फुल्या मारून दोन मतं मिळत नाहीत. मात्र एकच फुली मारून दुसरं मत कोरं सोडलं तर ते पूर्ण वैध आहे.

आणि हा प्रकार नुसता वैध नाही, कधी कधी शहाणपणाचाही आहे. समजा शेवटी आकडे असे लागले: पहिली ८१२, दुसरा ७९०, तिसरा ७८८. तुमचा खरा उमेदवार तिसरा, आणि दुसरी फुली तुम्ही 'चला, हेही बरे दिसतात' म्हणून दुसऱ्याला दिलेली. तुमच्यासारख्या तिघांनी ती दुसरी फुली मारलीच नसती तर दुसऱ्याचे ७८७ झाले असते आणि तुमचा माणूस आत गेला असता. म्हणजे तुमच्या दुसऱ्या मताने तुमच्याच पहिल्या मताला पाडलं. अपक्षाला निवडून आणायचंच असेल तर त्याचे जाणते समर्थक एकच फुली मारतात ते यासाठी. दोन्ही उमेदवार तुम्हाला सारखेच हवे असतील तर अर्थात दोन्ही फुल्या मारा.

फुलीऐवजी बरोबरची खूण केली तरी कल स्पष्ट असेल तर मत धरतात. पण मतपत्रिकेवर नाव, सही किंवा तुम्ही कोण ते कळेल असं काहीही लिहिलंत तर ती बाद. हात चुकला तर खोडाखोड न करता ती परत द्या आणि नवी मागा. पेटीत टाकायच्या आधी हे करता येतं. त्याच दिवशी पॅरिश कौन्सिलचीही (गावपातळीवरची कौन्सिल) निवडणूक असेल तर वेगळ्या रंगाची दुसरी मतपत्रिका मिळते. तिथे जागा वेगळ्या, त्यामुळे फुल्यांची मर्यादाही वेगळी. एकीवरची चूक दुसरीला लागत नाही. 'नोटा' मात्र नाही.

मतमोजणी काही ठिकाणी त्याच रात्री होते, बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी. आधी प्रत्येक पेटीतल्या मतपत्रिकांची संख्या केंद्राध्यक्षाच्या हिशेबाशी ताडून बघतात, मग मतं मोजतात. दोन-तीन जागांच्या वॉर्डात वेळ जातो तो फुटलेल्या मतांमुळे. दोन्ही फुल्या एकाच पक्षाला असलेल्या मतपत्रिकांचे गठ्ठे पटकन होतात. मिश्र मतपत्रिका मात्र एकेक वाचून तक्त्यावर खुणा कराव्या लागतात आणि उमेदवारांचे प्रतिनिधी समोर उभे राहून ती प्रत्येक खूण पाहत असतात. अगदी बरोबरी झाली तर निवडणूक निर्णय अधिकारी चिठ्ठी किंवा काड्या काढून निकाल लावतो. २०१७ मध्ये नॉर्थंबरलंड काउंटीतल्या साउथ ब्लाइथ वॉर्डात असंच झालं होतं आणि त्या एका काडीवर सगळ्या कौन्सिलातलं बहुमत अडलेलं होतं.

पाऊलखुणा

तुम्ही भारतात असणार असाल तर पोस्टल मताच्या फंदात पडू नका, प्रॉक्सी करा. पोस्टल मतपत्रिका उमेदवारांची यादी पक्की झाल्यावर छापून निघतात. ती भारतात पोचून, भरून, मतदानाच्या दिवशी रात्री १० च्या आत परत येणं जवळपास अशक्य. उशिरा आलेलं मत मोजत नाहीत, टपालाचा शिक्का कधीचाही असो.

प्रॉक्सी म्हणजे तुमच्या वतीने दुसऱ्याने केंद्रावर जाऊन मत देणं. ऑनलाइन अर्ज करता येतो, त्या दिवशी हजर नसण्याचं कारण द्यावं लागतं आणि परदेशात असणं हे पुरेसं कारण आहे. प्रॉक्सी स्वतः नोंदणीकृत मतदार हवा, म्हणजे यजमानांची नोंदणी आधी पूर्ण झालेली हवी. इंग्लंडमध्येच राहणाऱ्या दोनपेक्षा जास्त लोकांसाठी एक माणूस प्रॉक्सी होऊ शकत नाही. मित्रमंडळींतल्या एकाच 'विश्वासू' माणसावर सगळ्यांनी भार टाकला की तिथे अडतं. केंद्रावर तो स्वतःचं ओळखपत्र दाखवतो, तुमचा पासपोर्ट त्याच्याकडे ठेवून जायची गरज नाही. आणि तुमच्या केंद्रावर जायचं असतं, त्याच्या नाही.

ऐन वेळी आजारपण आलं, नोकरीमुळे अचानक बाहेर जावं लागलं किंवा ओळखपत्र हरवलं तर मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत तातडीची प्रॉक्सी मागता येते. आधी ठरलेल्या प्रवासाला ती लागू नाही.

ज्यांना इथेच राहून पोस्टल मत हवं आहे त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण ही मतं बाद होण्याची कारणं अगदी ठरलेली आहेत. मतपत्रिकेबरोबर एक निवेदन येतं, त्यावर जन्मतारीख आणि सही करायची. ती दोन्ही मूळ अर्जाशी ताडून बघतात. जन्मतारखेच्या चौकटीत आजची तारीख लिहिणारे पुष्कळ असतात. आपल्या लोकांचा खास घोटाळा म्हणजे अर्जावर मराठीत सही आणि निवेदनावर इंग्रजीत. सही कुठल्याही लिपीत चालते, पण दोन्हीकडे एकच हवी. दुसरा घोटाळा नवरा-बायकोच्या पाकिटांचा. स्वयंपाकघराच्या टेबलावर दोघांची पाकिटं एकदम उघडली जातात, हिची मतपत्रिका त्याच्या निवेदनाबरोबर जाते, दोन्हींवरचे क्रमांक जुळत नाहीत आणि दोघांचीही मतं अडकतात. एकाचं पाकीट चिकटवून झाल्यावरच दुसऱ्याचं उघडा.

टपालपेटीत टाकायला उशीर झाला तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर नेऊन देता येतं. तिथे एक फॉर्म भरावा लागतो. स्वतःच्या शिवाय आणखी पाच जणांचीच पाकिटं देता येतात. कौन्सिलच्या इमारतीच्या दारातल्या पत्रपेटीत गुपचूप सरकवलेलं मत धरत नाहीत, कारण फॉर्म भरलेला नसतो. घरोघर फिरणाऱ्या पक्ष कार्यकर्त्याच्या हातात पाकीट कधीच देऊ नका. घरच्या माणसाचं सोडून दुसऱ्याचं पोस्टल मत हाताळायला त्यांना कायद्याने मनाई आहे.

आडवळण

शेजाऱ्यांना सही द्यायला हरकत नाही, पण दहा सह्या लागतात ना? म्हणजे त्यांना आणखी नऊ जण शोधावे लागतील.

कृष्णाकाठ

दहाचा नियम गेला. कोविडच्या काळात तो दोनवर आणला आणि पुढे तसाच कायम केला. आता एक सूचक आणि एक अनुमोदक पुरे. दोघेही त्याच वॉर्डाच्या मतदार यादीत हवेत, नागरिकत्वाची अट नाही. म्हणजे रानजाईताई, तुमचं नाव यादीत आलं की व्हिसावर असूनही तुम्ही सूचक होऊ शकता. फक्त वॉर्डात जितक्या जागा तितक्याच उमेदवारांच्या अर्जांवर सही करायची, तुमच्याकडे दोन. तिसऱ्याला भिडेखातर सही दिलीत तर जो अर्ज शेवटी दाखल होईल त्यातली तुमची सही निरुपयोगी ठरते आणि तो बिचारा बाद होतो. नाव आणि मतदार क्रमांक यादीत आहे तसाच लिहा. नोंदणी नवी असेल तर अर्जासाठी जी यादी धरतात तिच्यात तुमचं नाव आलंय का, हे निवडणूक कार्यालयात विचारून घ्या.

स्वतः उभं राहायचं तर मात्र व्हिसा पुरत नाही. राष्ट्रकुलातल्या नागरिकाला त्यासाठी कायमच्या वास्तव्याची परवानगी लागते. शेजारी ब्रिटिश नागरिक आहेत, तेव्हा तो प्रश्न नाही. बाकी त्यांनी पाहायचं ते असं. त्या डिस्ट्रिक्टशी चारपैकी एक नातं हवं: मतदार यादीत नाव, किंवा मागचे पूर्ण १२ महिने तिथे वास्तव्य, किंवा मुख्य नोकरी, किंवा घर-जमिनीचा मालक वा भाडेकरू म्हणून ताबा. त्याच कौन्सिलात नोकरी असेल तर उभं राहता येत नाही. पगार थोडा असो की अर्धवेळ काम असो, ही अट कडक आहे. अनामत रक्कम नाही.

कागद तीन: उमेदवारी अर्ज, घरच्या पत्त्याचा फॉर्म आणि साक्षीदाराच्या सहीसह संमतीपत्र. पत्ता मतपत्रिकेवर छापायचा नसेल तर तसं त्या फॉर्मवर सांगता येतं. संमतीपत्रावरची सही अर्जाच्या मुदतीआधी एक महिन्याच्या आतली हवी. फार उत्साहाने दोन महिने आधी केलेली चालत नाही. सगळे मूळ कागद हातोहात नेऊन द्यायचे, ईमेलने नाही. अपक्षाने वर्णनाच्या रकान्यात 'इंडिपेंडंट' लिहायचं किंवा रकाना रिकामा ठेवायचा. 'रहिवाशांचा आवाज' वगैरे काही लिहिलं तर अर्ज अडतो, कारण बाकीची वर्णनं नोंदणीकृत पक्षांची असतात आणि त्यांना पक्षाचं अधिकारपत्र लागतं. मुदतीच्या तीन-चार दिवस आधी वेळ घेऊन जा म्हणावं. कार्यालयातले लोक अर्ज अनौपचारिकपणे तपासून देतात आणि चूक निघाली तर दुसरा अर्ज भरायला वेळ उरतो. शेवटच्या दिवशी दुपारी साडेतीनला निघालेली चूक दुरुस्त होत नाही.

तिठा

पैशाचंही त्यांच्या कानावर घाला. खर्चाची मर्यादा २०२४ पासून ९६० पौंड अधिक वॉर्डातल्या दर मतदारामागे ८ पेन्स. ४,५०० मतदार असतील तर १,३२० पौंड. दोघांनी मिळून एकच पत्रक काढलं, एकत्र प्रचार केला, तर प्रत्येकाची मर्यादा पाव हिश्श्याने कमी होते, म्हणजे ९९० पौंड. मित्राने पत्रकं फुकट छापून दिली तरी त्यांची बाजारभावाची किंमत हिशेबात धरायची.

५० पौंडांपेक्षा मोठी देणगी फक्त कायद्याने पात्र देणगीदाराकडूनच घेता येते. व्यक्ती असेल तर तिचं नाव ब्रिटनच्या मतदार यादीत हवं. तुम्ही यादीत असाल तर व्हिसावर असूनही शंभर पौंड देऊ शकता. नाशिकच्या काकांनी कौतुकाने पाठवलेले शंभर पौंड मात्र ३० दिवसांच्या आत परत करावे लागतात.

प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. नोव्हेंबर २०२३ पासून हे ऑनलाइन प्रचारालाही लागू आहे. व्हॉट्सॲपवर फिरवायच्या चित्रावरसुद्धा ती ओळ त्यांनी चित्रातच टाकावी, म्हणजे पुढे पाठवताना गळत नाही.

निकालानंतर ३५ दिवसांच्या आत खर्चाचा तपशील भरावा लागतो. हरलात तरी, आणि एक पैसाही खर्च केला नसला तरी शून्याचा तपशील भरायचाच. अपक्ष लोक नेमके इथेच सापडतात, कारण आठवण करून द्यायला पक्षाचं कार्यालय नसतं. वेगळा निवडणूक एजंट (खर्चाचा हिशेब सांभाळणारा) नेमला नाही तर उमेदवारच स्वतःचा एजंट धरला जातो, म्हणजे ती जबाबदारी पूर्ण त्यांच्यावर येते.

वाकडी_वाट

मूळ प्रश्नातली एक गोष्ट राहिली. कचरा, बांधकाम परवानग्या, घरकुलांची यादी, हॉटेलांची स्वच्छता तपासणी हे डिस्ट्रिक्टकडे. रस्त्यातले खड्डे, शाळा, वृद्धांची देखभाल, वाचनालयं काउंटीकडे. कौन्सिल टॅक्स गोळा करते डिस्ट्रिक्ट, पण त्यातला मोठा वाटा काउंटीला जातो. बिलावर प्रत्येकाचा हिस्सा वेगळा छापलेला असतो. खड्डे बुजवू म्हणून डिस्ट्रिक्टला उभा राहिलेला उमेदवार दिसला तर ते काम कसं करणार ते दारातच विचारा. त्या तीनशे घरांबाबत तुमचं ऐकलेलं बरोबर आहे, ते प्रकरण डिस्ट्रिक्टच्या नियोजन समितीपुढेच येईल. पण अर्जावर हरकत नोंदवायला निवडणुकीची वाट पाहू नका. सूचना लागल्यापासून साधारण २१ दिवस मिळतात आणि त्याला मतदार असण्याचीही अट नाही.

रानजाई

दोघांचे नोंदणीचे अर्ज आत्ताच पाठवले. माझा नॅशनल इन्शुरन्स नंबर नाही, त्यामुळे पासपोर्टची प्रत तयार ठेवते. यादीत नावं आल्याचं पत्र आलं की प्रॉक्सीचा अर्ज करते, आणि शेजाऱ्यांना संमतीपत्रावरच्या तारखेचं आजच सांगते. त्यांनी ते आत्ताच सही करून ठेवलंय.